सिरपला नकार

आमच्या डॉक्टरांना ‘संशोधक’ म्हणवून घ्यायला फार आवडायचं. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्यांच्या दवाखान्यावर पूर्वी लहान मुलांचे डॉक्टर अशा अर्थाची साधी कन्नड पाटी होती. एका औषध कंपनीचं काम मिळालं तशी तिच्या डोक्यावर पितळी अक्षरांची इंग्रजी पाटी चढली. मुलाला खोकला झाला म्हणून धावत आलेली आई ती पाटी बघून क्षणभर दारातच थबकायची, आपण चुकून बँकेत आलो की काय म्हणून.

मी तिथे कोऑर्डिनेटर होते. आमचं घराणं इथल्या मराठी रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत कापड रंगवायचं आणि छापायचं काम चाललं, पुढे भावांनी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. माझी आई नातेवाइकांना सांगायची, “आमची पोरगी रिसर्चमध्ये आहे.” प्रत्यक्षात मी आयाबायांना समजावून सांगण्याच्या कामावर होते. हे काम डॉक्टरांना खालच्या दर्जाचं वाटायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं होतं.

काम असं होतं. फ्लूवर एक नवं सिरप निघालं होतं. मोठ्या माणसांवर त्याची चाचणी होऊन गेली होती, आता मुलांवर करायची होती. ताप येऊन फार वेळ झालेला नाही अशा मुलाच्या नाकात कापूस लावलेली लांब काडी घालून तपासायचं. फ्लू निघाला तर आईबापांना विचारायचं, आणि ते हो म्हणाले तर काही मुलांना जुनं औषध, काहींना नवं. कुणाला कुठलं मिळालं हे ना डॉक्टरांना कळणार, ना आम्हाला.

हे काम वाईट आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मुलांवर न तपासलेलं औषध मुलांना द्यायचं म्हणजे अंधारात दगड मारल्यासारखं आहे. कुणीतरी हे नीट करायलाच हवं. पण ज्यांनी ते करायला घेतलं होतं, आणि ज्यांनी दुरून त्याची वाहवा केली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फारसा आदर उरला नाही.

वाहवा करणारे पुष्कळ होते. युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे दवाखान्यात येणारी निम्मी मंडळी शिकवणारी किंवा शिकवणाऱ्यांच्या घरची. एका प्राध्यापकांच्या पत्नींना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते मान हलवत ऐकलं, मध्येमध्ये शाबासकी दिल्यासारखं हसल्या.

“असली कामं व्हायलाच पाहिजेत,” त्या म्हणाल्या. “आपला देश यातच तर मागे पडतो.”

मी पेन पुढे केलं.

“छे, आमचा जरा नाजूक आहे ग. तुमच्याकडे ते नरसीपूरच्या खेड्यांतले वगैरे येतात ना, त्यांना विचार. त्यांना मदतच होईल.”

त्यांचा नाजूक मुलगा तेवढ्या वेळात सोफ्यावर बूट घालून उड्या मारत होता.

सोफासुद्धा सगळ्यांसाठी नव्हता. फी देणारे सोफ्यावर बसायचे आणि ‘स्टडी’ची मुलं आतल्या बोळात बाकावर. फ्लूचे जंतू पसरू नयेत म्हणून, असं डॉक्टर सांगायचे. फी देणाऱ्यांच्या फ्लूचे जंतू बहुधा जास्त सभ्य असावेत.

त्याच सुमाराला व्हिडिओचा नियम आला. आईबापांना नीट समजावून सांगितलं की नुसत्याच सह्या घेतल्या, यावरून देशभर बोंब झाली होती, त्यामुळे आता समजावतानाचं सगळं कॅमेऱ्यावर धरायचं होतं. नियम चांगला होता. आमच्या डॉक्टरांनी त्याचं शूटिंग करून टाकलं. त्यांनी मागे निळा पडदा लावला, टेबलावर प्लास्टिकची फुलं ठेवली आणि स्वतःसाठी इस्त्रीचा पांढरा कोट खुंटीवर तयार ठेवला. एखादी बाई घाबरून खाली बघत हो म्हणाली, की ते म्हणायचे, “पुन्हा. कॅमेऱ्याकडे बघून. जरा हसून.” ताप चढलेलं मूल मांडीवर घेऊन ती बाई हसायची. डॉक्टर म्हणायचे, “छान आलं.”

नियमात आणखी एक गोष्ट होती. सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याला कळेल अशा शब्दांत विचारायचं, आणि त्याने तोंडाने हो म्हणायला हवं. डॉक्टरांच्या मते हा परदेशातल्या रिकामटेकड्यांचा खेळ होता. मुलांना ते असं विचारायचे: “गुड बॉय ना तू?” मूल मान हलवायचं. संपलं विचारणं.

अशा त्या दवाखान्यात एका सकाळी एक बाई आठेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आमच्याच समाजातली, मी लहान होते तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं माहेर होतं. नवरा शिंप्याच्या दुकानात काम करायचा आणि ती घरी साड्यांना फॉल लावायची. मुलीचं अंग तापलं होतं, डोळे लाल, पण जीभ शाबूत होती. नाकात काडी घातली तेव्हा तिने माझ्या हाताला असा चिमटा काढला की वळ उठला. तपासणीत फ्लू निघाला.

डॉक्टर खूश झाले. बरेच दिवस कुणी मिळालं नव्हतं आणि कंपनीकडून विचारणा चालू होती. त्यांनी कोट चढवला, बाईला आत घेऊन कन्नडमध्ये पटकन काहीतरी सांगितलं आणि सही घेतली. खरं तर आधी समजावणं, मग सही, आणि दोन्ही कॅमेऱ्यासमोर. पण डॉक्टरांना वेळेची फार किंमत होती, म्हणजे स्वतःच्या वेळेची. सही झाल्यावर त्यांनी कॅमेरा चालू केला आणि मला म्हणाले, “तुमचीच माणसं ना? मराठी फॉर्म वाच. मराठीतलं एक रेकॉर्डिंग असलं की कंपनीत आपल्या केंद्राचं वजन वाढेल.”

मराठी फॉर्म पुण्यामुंबईच्या केंद्रांसाठी कुणीतरी तयार केलेला होता आणि तोच आम्हालाही आला होता. मी कॅमेऱ्याकडे बघून वाचायला लागले. ‘आपल्या पाल्याची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात येईल. प्रतिकूल घटना उद्भवल्यास तत्काळ अवगत करावे.’ बाई माझ्याकडे बघत राहिली. देवळात संस्कृत चाललेलं असताना माणसं बघतात तशी. आमच्या घरांमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड मुरलंय. ‘यादृच्छिक’ हा शब्द आमच्या गल्लीत कुणी उच्चारला असता तर लोकांना वाटलं असतं, कुणाला तरी शिवी दिली.

मी दुसऱ्या ओळीवरच थांबले आणि फॉर्म खाली ठेवला. डॉक्टर निळ्या पडद्यासमोर कॅमेऱ्याकडे बघत गंभीर चेहरा करून बसले होते. त्यांना मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे मी फॉर्म सोडला हेही त्यांना कळलं नाही. मी मुलीकडे वळले आणि घरी बोलते तसं बोलायला लागले.

“हे बघ पुट्टी,” मी म्हणाले. आमच्याकडे लहान पोरीला असंच म्हणतात. “तुला फ्लू झालाय. त्याच्यावर दोन औषधं आहेत. एक जुनं, एक नवं. डॉक्टरांना बघायचंय, कुठलं बरं ते. तुला दोन्हींतलं एक मिळणार.”

“कुठलं?”

“ते मला ठाऊक नाही.”

“डॉक्टरांना?”

“त्यांना पण ठाऊक नाही. कंपनीतला कंप्युटर ठरवतो.”

तिने डॉक्टरांकडे नीट बघून घेतलं. त्यांना ठाऊक नाही हे तिला पटलेलं दिसलं.

“नवं कुठल्या पोरांनी प्यालं का?”

“थोड्या पोरांनी प्यालं. बरी झाली. काहींना उलटी झाली.”

“आणि परत नाकात काडी घालणार?”

“हो. औषध चालू असताना परत परत यायचं, दर वेळी काडी घालून बघायचं.”

“जुनं औषध नुसतं घेतलं तर?”

“मग काडी नाही. औषध घ्यायचं आणि घरी झोपायचं.”

ती जराशी विचारात पडली. खोकला आला तो खोकून घेतला. मग कॅमेऱ्याकडे बघून, जे तिला कुणी सांगितलंही नव्हतं, ती म्हणाली, “मला नवं बेड. जुनं द्या.”

‘बेड’ म्हणजे कन्नडमध्ये नको. एवढं डॉक्टरांना नक्कीच कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं शूटिंगचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले.

“काय म्हणाली ती?”

“नको म्हणाली सर.”

“तिला काय कळतं? पुन्हा विचार.” मग त्यांनी स्वतःच खणातून रंगीत पेन्सिलींचा डबा काढला आणि तिच्यापुढे धरून कन्नडमध्ये म्हणाले, “हे कुणाला पाहिजे? शूर मुलींना मिळतं हे.”

मुलीने डबा बघितला. तिला तो हवा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिने आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि आतूनच पुन्हा “बेड” म्हणाली.

डॉक्टर आता आईकडे वळले. “तुम्ही सही केली आहे. तुम्ही मोठ्या आहात. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात कारभार देणार का?”

बाईने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. ती हळूच म्हणाली, “सही केली तेव्हा मला कळलं नव्हतं सर. आत्ता ही अक्का हिला सांगत होती ना, तेव्हा मला पण कळलं.”

“मग?”

“मग तिला नको तर नको. माझी सही खोडून टाका.”

डॉक्टर कॅमेरा बंद करायला उठले. त्यांच्या हालचालीवरून मला कळलं, की तो बंद झाला की हे सगळं पहिल्यापासून सुरू होणार, आणि या वेळी “गुड गर्ल ना तू” एवढंच विचारलं जाणार. मी कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि कन्नडमध्ये मोठ्याने सांगितलं, “मुलीने नकार दिला आहे. आईनेही संमती मागे घेतली आहे. त्यांना नेहमीचं औषध दिलं जाईल.” हे वाक्य फॉर्ममध्येच होतं. नकार दिला तरी उपचार अडवता येत नाहीत. फरक एवढाच, की आमच्या दवाखान्यात ते मोठ्याने बोलायची वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

रेकॉर्डिंग पुसता येत नव्हतं. कंपनीचा माणूस बेंगळुरूहून येऊन सगळी बघायचा. डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, “यांना बाहेर बसव.”

बाहेर म्हणजे बोळातल्या बाकावर. सोफ्यावरचे सगळे आत जाऊन आले, नंतर आलेलेही जाऊन आले. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिच्या श्वासाचा आवाज मला टेबलापाशी ऐकू येत होता. शिकलेल्या माणसाचा सूड असाच असतो. त्याला आवाज नसतो, तो फक्त तुम्हाला बसवून ठेवतो. शेवटी मी आत जाऊन उभी राहिले.

“सर, ती मुलगी.”

“कोण मुलगी?”

“मी कंपनीला कळवू का, नकारानंतर औषध द्यायला उशीर झाला म्हणून?”

त्यांनी माझ्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली आणि टेबलावरून अशी सरकवली की ती खाली पडली. मी ती उचलली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बाईला जुनं औषध घेऊन दिलं, किती आणि कसं द्यायचं ते सांगितलं आणि त्यांना रिक्षात बसवलं. मुलगी जाताना माझ्याशी बोलली नाही. चिमट्याचा राग तिच्याच मनात असावा, जरी चिमटा तिनेच काढला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. ते रात्रभर ह्याच विचारात असावेत, कारण त्यांच्याजवळ आरोप तयार होता.

“तू तुमच्या भाषेत तिला नको म्हणायला शिकवलंस.”

“नाही सर.”

“ते आपल्याला कळेलच.”

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक तरुण भाड्याने राहायचा, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. डॉक्टरांनी त्याला भाषांतरासाठी खाली बोलावलं. हा तरुण मला जिन्यात भेटला की माझं मराठी ऐकून गालातल्या गालात हसायचा. एकदा मी “स्वल्प थांबा” म्हणाले, म्हणजे जरा थांबा, तर त्याने घरी फोन करून ते कुणाला तरी सांगितल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तो कानाला हेडफोन लावून बसला. फॉर्मच्या पहिल्या ओळीला त्याने समाधानाने मान हलवली. पुढे त्याच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या.

“सर,” तो शेवटी इंग्रजीत म्हणाला, “फॉर्मची ओळ सोडली तर हे मराठी नाहीच.”

“मग काय आहे?”

“काय ते मला सांगता येणार नाही. निम्मं तर तुमचं कन्नड आहे. ते तुम्हालाच जास्त कळेल.”

मग डॉक्टरांनी स्वतः हेडफोन लावले. आपल्याच दवाखान्यात, आपल्याच समोर झालेलं बोलणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. मी समोर उभी होते. त्यांचा चेहरा उतरत गेला, कारण आरोप करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. औषधं दोन, नवं थोड्या मुलांनी घेतलंय, उलटी होऊ शकते, काडी परत परत घालावी लागेल. तेवढंच. त्यांनी हेडफोन काढले आणि म्हणाले, “काडीचं सांगायची काय गरज होती?”

मी हेडफोन उचलून जागेवर ठेवले. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे आपलाच अपमान करून घेणं असतं.

घरी मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुला शहाणपणा कुणी सांगितलाय? आता नोकरी जाईल.” पण दोन दिवसांनी तीच त्या बाईकडे जाऊन आली. पोरीचा ताप उतरलाय, नुसता खोकला आहे, आणि ती अंथरुणात बसून सुम्ने भांडतेय, अशी बातमी घेऊन आली. सुम्ने म्हणजे उगाच.

मग कंपनीचा माणूस बेंगळुरूहून आला. हा एक वेगळाच नमुना होता. चाकांची बॅग, बाहेरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही, आणि आजारी मूल दिसलं की दोन पावलं मागे सरकायचा. डॉक्टरांनी त्याला गुळमुळीत शब्दांत सांगून ठेवलं होतं, की एक रेकॉर्डिंग जरा बिघडलंय. त्याने ते बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि लॅपटॉप मिटून डॉक्टरांचा हात हातात घेतला.

“सर, फार सुंदर. मुलाला खरंच विचारलंय असं रेकॉर्डिंग मी एकाही केंद्रात बघितलं नाही. बाकी सगळीकडे मुलं नुसती मान हलवतात. मला तर शंका यायला लागली होती.”

डॉक्टर किती वेळात बदलावेत? मी बघत होते. पापणी लवायच्या आत त्यांचा चेहरा संशोधकाचा झाला.

“आमच्याकडे हा नियमच आहे,” ते म्हणाले. “मूल आधी.”

पेन्सिलींचा डबा रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसत होता, आणि सहीबद्दल आई काय म्हणाली तेही ऐकू येत होतं. या सगळ्यावर बेंगळुरूच्या माणसाने एवढंच विचारलं, की डबा मूल रडू नये म्हणून दिला होता का. डॉक्टर म्हणाले, “अर्थात.”

पुढे काही महिन्यांनी म्हैसूरमधल्याच एका हॉटेलात मुलांच्या डॉक्टरांची परिषद भरली. आमच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं. विषय, औषधांच्या चाचण्यांमध्ये मुलाचा आवाज. मला मागच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. त्यांनी पडद्यावर ते रेकॉर्डिंग लावलं. मुलीचा चेहरा पुसट केलेला होता, डबा येण्याआधी चित्र थांबवलं होतं. माझा आवाज आणि तिचा आवाज हॉलभर ऐकू आला. ती “बेड” म्हणाली तेव्हा लोक कौतुकाने हसले, आणि मग टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी मान लववून त्या घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण उद्या सकाळी आपल्या दवाखान्यात एखाद्या मुलाला असं विचारणार होते, हे मला त्यांच्या तोंडांकडे बघूनच कळत होतं.

जेवणाच्या वेळी दुसऱ्या गावची एक डॉक्टरीण बाई माझ्याजवळ आली. “किती गोड मुलगी. कुठून शोधलीत?”

“शोधली नाही,” मी म्हणाले. “तिला फ्लू झाला होता.”

त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

नंतर ती चाचणीच थांबली. सिरप चांगलं होतं की वाईट, ते आमच्यापर्यंत कधी आलं नाही. त्या वर्षी म्हैसूरकडे फ्लूच फारसा आला नाही, मुलं मिळेनात, आणि कंपनीने आपलं सामान दुसऱ्या शहरात हलवलं. एका माणसाने येऊन सिरपच्या बाटल्या मोजून नेल्या, कॅमेरा नेला, फ्रीज नेला. निळा पडदा डॉक्टरांचा होता, तो तेवढा राहिला. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम धरलं. आमच्या नातेवाइकांमध्ये अजून सांगतात, की मी तत्त्वासाठी नोकरी सोडली. मी ते खोडत बसत नाही.

त्या बाईला मात्र मी परिषदेची गोष्ट सांगितली. ती दारात बसून हिरव्या साडीला फॉल लावत होती आणि मुलगी आत मोठ्याने पाढे म्हणत होती. सगळं ऐकून तिने सुई थांबवली.

“त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बोळात बसवून ठेवलं. ते माझ्या पोरीला दाखवून टाळ्या घेतात?”

“तोंड दिसत नव्हतं तिचं. नावही घेतलं नाही.”

“मग ती कोण ते कुणाला कळलं नाही?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “नाहीतर उद्या आणखी कुणीतरी काडी घेऊन घरी यायचा.”

आत पाढे अडले होते. तिने सुई साडीतच टोचून ठेवली आणि मुलीला सातचा पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला.